वीर बाबूराव शेडमाके

चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारांत पिंपळाचा एक वृक्ष आहे. दरवर्षीं ऑक्टोबर महिन्याच्या २१ तारखेस आडगांवांहून गोंड स्त्री-पुरुष तेथें जमतात आणि त्या वृक्षास वंदन करून परत जातात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं अनेकांनीं त्या भिंतीजवळून कितीदां तरी ये-जा केली असेल. परंतु त्या पिंपळाशीं कोणाचें नांव निगडित आहे, तो पुरुष कोण होता, आणि त्याचा अंत तेथें कां व कसा झाला, हें नीट सांगूं शकणारे थोडेच निघतील. परदेशांतील वीरांचीं चरित्रें आपण आवडीनें वाचतों, आणि तीं वाचावींच. तथापि आपल्या दारच्या वृक्षाची कथा आपणांस ठाऊक नसावी, ही गोष्ट भूषणावह नव्हे. म्हणून या अंकांत आम्ही बाबूराव पुल्लेसुरबापू शेडमाके यांचें चरित्र थोडक्यांत सादर करीत आहों.

बाबूरावांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजीं झाला. हें साल लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत इंग्लंडच्या पार्लमेंटनें आपल्या साम्राज्यांतील गुलामगिरी नष्ट करणारा कायदा संमत केला. त्या कार्यासाठीं जन्मभर झगडलेले विल्यम विल्बरफोर्स हे जुलैच्या अखेरीस निवर्तले; कायदा आतां होणार, एवढी वार्ता तेवढी त्यांच्या कानीं पडली होती. परंतु या कायद्यांतून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळण्यांत आला होता. हिंदुस्थानांत माणसावर माणसाची मालकी न्यायालयांनीं मानूं नये, असें ठरविणारा कायदा त्यानंतर दहा वर्षांनीं, १८४३ सालीं, झाला. एका माणसानें दुसऱ्याला विकत घेणें निषिद्ध ठरलें; पण एक संबंध देश एका व्यापारी मंडळीच्या ताब्यांत असावा, यांत त्या कायदे करणाऱ्यांस कांहीं विपरीत वाटलें नाहीं.

येथें आमच्या वाचकांनीं एक भेद ध्यानांत घ्यावा. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबून नेलेल्या व अमेरिकेच्या बाजारांत बोली लावून विकलेल्या गुलामांच्या कथा आपण वाचल्या आहेत. बाबूराव हे तशा अर्थानें गुलाम नव्हते. ते एका जमीनदाराचे पुत्र होते. परंतु दास्य हें एकाच रूपानें वावरत नाहीं. कोठें तें गळ्यांतील लोखंडी कडें होऊन येतें, कोठें तें बिनमोलाची वेठ होऊन येतें, तर कोठें तें दूरच्या राजधानींत लिहिलेल्या एका हुकुमाचें रूप घेतें. आणि दास्यांतून निसटूं पाहणाऱ्या माणसाची गोष्ट सर्व देशांत पुष्कळ अंशीं सारखीच असते. त्याला अरण्य लागतें, अंधार लागतो, आणि या दोहोंपेक्षांही अधिक म्हणजे विश्वासाचा माणूस लागतो. बाबूरावांच्या चरित्राचें मर्म या शेवटच्या गोष्टींत आहे.

प्रथम तो प्रदेश पाहूं. आज ज्यांस आपण चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे म्हणतों, त्यांचा मिळून त्या काळीं एकच चांदा जिल्हा होता. गडचिरोली हा निराळा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं झाला. वर्धा व वैनगंगा या नद्या एकत्र मिळून प्राणहिता होते, आणि ती दक्षिणेकडे वाहत जाऊन सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. पूर्वेस इंद्रावतीच्या अंगाला बस्तरचें राज्य होतें. या नद्यांच्या मधला सारा मुलूख सागाचा, ऐनाचा, बांबूचा आणि मोहाचा. पावसाळ्यांत नाले भरले म्हणजे एक गांव दुसऱ्यापासून तुटे. उन्हाळ्यांत त्याच नाल्यांच्या कोरड्या पात्रांतून वाटा निघत. ज्याला या वाटा ठाऊक त्याला हें रान घरासारखें होतें, आणि ज्याला त्या ठाऊक नाहींत त्याला तें भिंतीसारखें होतें.

या मुलुखावर शेंकडों वर्षें गोंड राजांची सत्ता होती. चांद्याचा परकोट, त्याच्या वेशी व बल्लारपूरचा किल्ला हीं त्यांचीं कामें आजही उभीं आहेत. १७५१ सालीं नागपूरच्या रघूजी भोसल्यांनीं शेवटचा राजा नीळकंठशाह यास पदच्युत करून हें राज्य आपल्या राज्यास जोडलें. भोसल्यांच्या अमलांत अरण्यांतील गोंड जमीनदारांचीं ठाणीं मात्र बहुतांशीं तशींच राहिलीं. पुढें ११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरे रघूजी भोसले औरस पुत्र नसतां वारले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनीं दत्तकाचा हक्क न मानतां नागपूरचें राज्य खालसा केलें, आणि १८५४ च्या डिसेंबरांत एलिस नांवाचे पहिले इंग्रज डेप्युटी कमिशनर चांद्यास रुजू झाले. एकही लढाई न होतां, प्राणहितेच्या कांठच्या माणसांना न विचारतां, हा सर्व मुलूख एका कागदानें हस्तांतरित झाला.

बाबूरावांचें जन्मगांव किष्टापूर. तें आज गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यांत मोडतें. वडील पुल्लेसुरबापू हे मोलमपल्लीचे जमीनदार, व मातोश्रींचें नांव जुर्जाकुंवर. मोलमपल्लीची जमीनदारी लहान होती. तिच्या शेजारीं अहेरीची जमीनदारी, जी चांदा जिल्ह्यांतील सर्वांत मोठी. बाळपणीं बाबूरावांचें शिक्षण गोंड रीतीप्रमाणें गोटुलांत झालें. गोटुल म्हणजे गांवांतील तरुण मुलामुलींचें एकत्र जमण्याचें ठिकाण. तेथें गाणें, नृत्य, पूर्वजांच्या कथा, शिकारीचीं व शेतीचीं कामें, वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची रीत, हें सर्व शिकविलें जाई. त्या शाळेंत पाटी-पुस्तक नव्हतें. परंतु पाखरू कां उडालें, वाऱ्याची दिशा कां बदलली, वाळलेल्या पानांवरून पाय कसा टाकावा, हें ज्ञान तेथें मिळे, आणि पुढें बाबूरावांना तें किती उपयोगीं पडलें हें आपण पाहणारच आहों.

त्यांच्या वडिलांनीं त्यांना पुढील शिक्षणासाठीं रायपूर येथें पाठविलें व तेथें त्यांना इंग्रजीची ओळख झाली, असें त्यांच्या चरित्रकारांचें सांगणें आहे. अरण्याची विद्या आणि राज्यकर्त्यांची विद्या अशा दोन विद्या या तरुणाच्या ठायीं एकत्र आल्या. शिक्षण आटोपून ते मोलमपल्लीस परत आले, राजकुंवर यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि ते जमीनदारीचें काम पाहूं लागले.

परत आल्यावर त्यांनीं काय पाहिलें? जमीनदार व रयत यांचें नातें त्या काळीं केवळ प्रेमाचें होतें असें म्हणणें खरें होणार नाहीं. सरकारी अंमलदाराचें किंवा जमीनदाराचें सामान वाहणें, वाट साफ करणें, लाकूड पुरविणें, हीं कामें रयतेनें वेठीनें करावयाचीं, ही रूढि जुनीच होती. नव्या अमलांत तिच्या जोडीला आणखी गोष्टी आल्या. सारा रोख पैशांत भरावयाचा, आणि पैसा तर सावकाराजवळ. जंगलांत कोणी काय तोडावें यावर नव्या सरकारची दृष्टि. आणि जमीनदारांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अधिकार कागदावर तपासून पाहण्याची भाषा. ज्या रानांतून मोह, चारोळी, मध, डिंक व बांबू घेऊन लोक जगत होते, तें रान आपलें नव्हे असें कोणी तरी सांगूं लागलें म्हणजे मनाला काय वाटत असेल, याची कल्पना करावी. पुढें १८६५ सालीं हिंदुस्थानांतील पहिला जंगल कायदा झाला, व ही शंका निराधार नव्हती हें दिसून आलें.

इतक्यांत १८५७ साल उजाडलें. १० मे रोजीं मीरतेस शिपायांनीं बंड पुकारलें आणि उत्तर हिंदुस्थान पेटला. जून महिन्यांत नागपुरासही उठाव करण्याचा बेत झाला; परंतु तो आधींच फुटला व कित्येकांस फांशी झाली. भोसल्यांच्या घराण्यांतील वृद्ध राणी बांकाबाई यांनीं आपल्या माणसांस शांत राहण्याची ताकीद देऊन इंग्रजांस साहाय्य केलें. त्यामुळें नागपूर व चांदा शांतच राहणार असें राज्यकर्त्यांस वाटलें.

परंतु अरण्यांत निराळीच तयारी चालली होती. सप्टेंबर १८५७ मध्यें बाबूरावांनीं जंगोम सेना उभारली. गोंड, माडिया इत्यादि जमातींचे सुमारें पांचशें तरुण त्यांनीं प्रथम जमविले व त्यांना शस्त्रांचें शिक्षण दिलें. पुढें रोहिलेही या सेनेंत सामील झाले. धनुष्यबाण, भाले, तलवारी आणि थोड्याशा बंदुका, हेंच त्यांचें शस्त्रबळ. समोर कवाइती पलटण, तोफा व अखंड चालणारा दारूगोळा होता. त्या वेळीं बाबूरावांचें वय चोवीस वर्षांचें होतें. आमच्या शाळेंतून बाहेर पडून ज्यांना सातआठ वर्षें झालीं असतील अशा माजी विद्यार्थ्यांच्या वयाचा हा तरुण होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्याच्या धाडसाचें मोल कळतें.

मार्च १८५८ च्या आरंभीं या सेनेनें चांदा जिल्ह्यांतील राजगड परगण्यावर हल्ला करून तो ताब्यांत घेतला. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनीं तातडीनें फौज पाठविली. १३ मार्च रोजीं नांदगांव घोसरीजवळ दोन्ही सैन्यांची गांठ पडली व त्या चकमकींत बाबूरावांची सरशी झाली. ही वार्ता पसरतांच अडपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव हे त्यांना उघडपणें येऊन मिळाले. एका लहान जमीनदाराचा दंगा म्हणून ज्या गोष्टीकडे चांद्याची कचेरी पाहत होती, तिला आतां युद्धाचें स्वरूप आलें.

एप्रिल महिन्यांत सगणापूर व बामनपेठ येथें पुनः लढाया झाल्या. बाबूरावांची युद्धपद्धति साधी होती. मोकळ्या मैदानांत पलटणीसमोर उभें राहावयाचें नाहीं. टेकडीचा व झाडीचा आश्रय घेऊन शत्रूला आंत येऊं द्यावयाचें. एकाएकीं तुटून पडावयाचें, आणि तो सांवरतो न सांवरतो तोंच नाहींसें व्हावयाचें. ज्या कौशल्यानें सह्याद्रींत शिवछत्रपतींच्या मावळ्यांनीं मोठमोठ्या फौजांना हैराण केलें, त्याच जातीचें हें कौशल्य होतें. सरकारी फौजेला जंगलांत वाटाड्या लागे, आणि वाटाडे व सामान वाहणारे वेठकरी मिळत ते याच गांवांतून.

यानंतर जी घटना घडली ती आम्हांस सांगितलीच पाहिजे, कारण चरित्र लिहितांना आवडतें तेवढें सांगून नावडतें झांकणें हा वाचकांशीं केलेला अप्रामाणिकपणा होय. प्राणहितेच्या कांठीं चिंचगुंडी येथें तारायंत्राच्या कामावरील माणसांचा तळ होता. २९ एप्रिल १८५८ च्या रात्रीं बंडवाल्यांनीं त्या तळावर हल्ला केला. गार्टलंड व हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी ठार झाले. त्यांचा तिसरा सोबती पीटर हा अंधारांत निसटला आणि जंगलांतून वाट काढीत क्रिक्टन यांच्यापर्यंत जाऊन पोंचला. तारायंत्र हें त्या युद्धांत इंग्रजांचें फार मोठें साधन होतें. एका छावणीची बातमी दुसऱ्या छावणीस घटकेंत पोंचे. या दृष्टीनें तळावरील हल्ल्याचें कारण समजतें. परंतु मेलेले दोघे शिपाई नव्हते. ते तारा बसविणारे कामगार होते, आणि त्यांच्याही घरीं कोणी तरी वाट पाहत असेल. स्वातंत्र्यासाठीं उचललेलें शस्त्र देखील निर्दोष राहत नाहीं, हें यावरून शिकावें. आणि ज्यांनीं ती परिस्थिति आणली त्यांचाही वांटा त्या पापांत असतो, हेंही विसरूं नये.

त्या रात्रीची ही एक बाजू आमच्या मनांत पुष्कळ वेळां येते. जो पीटर जिवाच्या भीतीनें रानांतून धांवत होता, त्याला अरण्यानें लपविलें. थोड्याच महिन्यांनीं बाबूरावांना तसेंच लपावें लागलें. अरण्य पक्षपात करीत नाहीं. जो त्याच्या आश्रयास जाईल त्याला तें आपल्या पोटांत घेतें.

चिंचगुंडीच्या घटनेनंतर इंग्रज सरकारचा सारा रोष बाबूरावांवर वळला. त्यांना पकडून देणारास बक्षीस जाहीर झालें. परंतु फौज पाठवून हा माणूस हातीं लागणार नाहीं, हें क्रिक्टन यांनीं ओळखलें. त्यांनीं दुसरा मार्ग धरला. अहेरीची जमीनदारी त्या वेळीं लक्ष्मीबाई यांच्याकडे होती. बंडवाले त्यांच्याच मुलुखांत वावरत होते. सरकारला साहाय्य करा, नाहीं तर बंडास सामील समजून जमीनदारी जप्त होईल, असा दाब त्यांच्यावर आणला गेला. लक्ष्मीबाईंनीं सरकारचा पक्ष स्वीकारला.

याच सुमारास, १८५८ च्या जूनमध्यें, दुसऱ्या एक लक्ष्मीबाई ग्वाल्हेरजवळ रणांत पडल्या, हें प्रत्येक मुलास पाठ आहे. एकाच नांवाच्या दोन स्त्रिया, दोघींवरही राज्य जाण्याचें संकट. एकीनें एक निर्णय घेतला, दुसरीनें दुसरा. अहेरीच्या लक्ष्मीबाईंना दोष देणें आज आपणांस फार सोपें आहे. आपलीं गांवें, आपलीं माणसें, आपल्या घराण्याचें नांव एका बाजूस, आणि दुसऱ्याचा हरत चाललेला लढा दुसऱ्या बाजूस, असा तराजू ज्याच्या हातीं आला नाहीं त्यानें जपून बोलावें. परंतु भीति हीच दास्याची खरी सांखळी आहे, आणि एकानें भिऊन दुसऱ्यास धरून द्यावें अशीच तिची रचना असते, एवढें मात्र आम्ही स्पष्ट म्हणतों.

लक्ष्मीबाईंच्या पदरीं असलेल्या रोहिल्यांनीं भोपाळपट्टणमच्या बाजूस बाबूरावांना गांठलें व कैद केलें. चांद्याकडे आणीत असतां ते त्या पहाऱ्यांतून निसटले. ज्यांनीं पकडलें त्यांच्यापैकींच कांहींचें मन वळवून त्यांनीं सुटका करून घेतली, असें सांगतात. आतां विचार करा. दिवस पावसाळ्याचे, नद्यांना पूर आलेले, गांवोगांवीं पाळत, आणि हातापायांवर नुकत्याच सुटलेल्या दोरांचे वळ. बाळपणीं गोटुलांत शिकलेली सारी विद्या आतां पणास लागली असेल. कोणत्या झोपडींत दार उघडेल व कोणत्या झोपडींतून निरोप कचेरीस जाईल, हें ओळखण्याची विद्या मात्र कोठल्याच शाळेंत शिकवितां येत नाहीं.

याच काळांत जगाच्या दुसऱ्या टोंकास अशीच माणसें अशाच रात्रींतून चालत होतीं. अमेरिकेंतील मेरीलंड प्रांतांतून हॅरिएट टबमन नांवाची एक तरुण गुलाम स्त्री १८४९ सालीं पळून उत्तरेस गेली. ती स्वतः मुक्त झाली, पण तेवढ्यानें तिचें समाधान झालें नाहीं. जिवावर उदार होऊन ती पुनः पुनः त्याच दास्यभूमींत परत आली व सुमारें सत्तर माणसांना सोडवून घेऊन गेली. तिला दिशा ध्रुवतारा दाखवी. परंतु तिला वांचविलें तें वाटेंतील दयाळू घरांनीं. रात्रीं दार ठोठावतांच तें उघडणारी, कोठीघरांत जागा देणारी, दुसऱ्या दिवशीं विचारपूस झाली तर मौन पाळणारी अशीं काळ्यागोऱ्या लोकांचीं घरें त्या वाटेवर होतीं. १८५७ च्या मार्चमध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यांत आफ्रिकी वंशाच्या माणसास त्या देशाचें नागरिकत्वच असूं शकत नाहीं, असा निर्णय दिला; तरीही तीं दारें बंद झालीं नाहींत. आपल्या महाराष्ट्रांतील जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेंत गुलामांना मुक्त करण्यासाठीं झटलेल्या लोकांस अर्पण केला, तो याच उपकाराची जाणीव ठेवून.

बाबूरावांच्या वाटेवर अशीं दारें नव्हतीं काय? पुष्कळ असलींच पाहिजेत. नाहीं तर मार्चपासून सप्टेंबरपर्यंत एवढ्या मोठ्या सत्तेला त्यांना चुकवितां आलें नसतें. ज्यांनीं त्यांना भाकर दिली, वाट दाखविली, शिपाई आले असतां भलतीकडे बोट दाखविलें, त्यांचीं नांवें कोणत्याही दप्तरांत नाहींत. परंतु शंभर दारें उघडलीं आणि एक दार फितलें, तरी पळणाराचा घात होतो. १८ सप्टेंबर १८५८ रोजीं अहेरीच्या माणसांनीं बाबूरावांना पुनः पकडलें, आणि या खेपेस पहारा ढिला पडला नाहीं.

त्यांना चांद्यास आणण्यांत आलें. सरकारविरुद्ध बंड व तळावरील हत्या या आरोपांवरून त्यांचा खटला झाला. न्याय करणारे व ज्यांच्याविरुद्ध बंड झालें ते एकच होते. तेव्हां निकाल काय लागणार हें उघडच होतें. २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं सायंकाळीं चांद्याच्या कारागृहाजवळील पिंपळास त्यांना जाहीरपणें फांशी देण्यांत आली. त्यांचें वय पंचवीस वर्षें सात महिने होतें. फांसाचा दोर एकदां नव्हे तर अनेकदां तुटला, अशी कथा गोंडवनांत आजही सांगितली जाते. तिचा पुरावा मागूं नये. लोकांनीं आपल्या वीराला सहजासहजीं मरूं दिलें नाहीं, एवढाच तिचा अर्थ घ्यावा.

येथें तारखांचा एक योगायोग मन विषण्ण करतो. बाबूराव गेल्यावर दहाच दिवसांनीं, ऑक्टोबर अखेरीस, तात्या टोपे नर्मदा उतरून नागपूरच्या दिशेनें आले. ज्या मदतीची वाट गोंडवन पाहत होतें ती आली ती अशा वेळीं. त्याच्या दुसऱ्या दिवशीं, १ नोव्हेंबर १८५८ रोजीं, व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचला गेला. त्यानें कंपनीचें राज्य संपलें, व शस्त्र खालीं ठेवणाऱ्या बंडवाल्यांस क्षमा देऊं केली. इंग्रजांच्या हत्येंत ज्यांचा प्रत्यक्ष हात होता त्यांस मात्र त्या क्षमेंतून वगळलें होतें. म्हणून चिंचगुंडीचा आरोप डोक्यावर असतां बाबूरावांना ती मिळाली असती असें म्हणवत नाहीं. परंतु त्यांच्यामागून रानावनांत भटकणाऱ्या अनेकांस घरीं परत येतां आलें असेल.

त्यांचे सोबती व्यंकटराव यांचें काय झालें, हेंही सांगितलें पाहिजे. ते इंद्रावतीपलीकडे बस्तरांत पळून गेले व सुमारें दीड वर्ष लपून राहिले. अखेर एप्रिल १८६० मध्यें बस्तरच्या राजानेंच त्यांना पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केलें. त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली व त्यांची सर्व मालमत्ता जप्त झाली. लक्ष्मीबाईंना त्यांच्या सेवेबद्दल अडपल्ली व घोट या जमीनदाऱ्यांतील ६७ गांवें बक्षीस मिळालीं. अशा रीतीनें एकाचीं गांवें दुसऱ्याच्या घरीं गेलीं. आणि त्या गांवांतील रयतेचें काय? ती पूर्वीं एकाची वेठ करीत होती, ती आतां दुसऱ्याची करूं लागली. तिला विचारणारें कोणी नव्हतें, तसें याही वेळीं नव्हतें.

जवळजवळ नव्वद वर्षांनीं, १५ ऑगस्ट १९४७ रोजीं, देश स्वतंत्र झाला. १९५० च्या सुमारास जमीनदाऱ्याही कायद्यानें संपुष्टांत आल्या. राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानें वेठ व सक्तीची मजुरी यांस मनाई केली. आणि १९७६ सालीं वेठबिगारी समूळ नष्ट करण्यासाठीं निराळा कायदा करावा लागला, यावरून ती किती खोल रुतली होती हें कळतें. १२ मार्च २००९ रोजीं, बाबूरावांच्या जन्मदिनीं, भारताच्या टपाल खात्यानें त्यांच्या नांवाचें तिकीट काढलें. ज्या सरकारी कागदानें एके काळीं त्यांना अपराधी ठरविलें, त्याच जातीच्या कागदावर आतां त्यांचें चित्र आलें व तें घरोघरीं गेलें.

या चरित्रापासून आमच्या विद्यार्थ्यांनीं काय घ्यावें? शौर्य घ्यावें, हें तर खरेंच. परंतु शौर्य दाखविण्याचा प्रसंग प्रत्येकाच्या वांट्यास येतोच असें नाहीं. दुसरा एक प्रसंग मात्र प्रत्येकाच्या आयुष्यांत केव्हां ना केव्हां येतो. कोणी तरी छळाला त्रासून, भुकेला, घाबरलेला, आपल्या दाराशीं येऊन उभा राहतो. तो वेठीला धरलेला मजूर असेल, सावकाराच्या कर्जांत बुडालेला शेतकरी असेल, किंवा मारकुट्या धन्याच्या घरून पळालेला तुमच्याच वयाचा एखादा पोर असेल. त्या क्षणीं आपल्या मनांत प्रथम आपल्या ६७ गांवांचा विचार येतो. आपलें काय जाईल, आपल्यास काय मिळेल, हा हिशेब सुरू होतो. बाबूरावांच्या कथेंत आपण कोण असतों, हें त्या हिशेबाच्या अखेरीस ठरतें.

पुढच्या वेळीं कारागृहाजवळून जातांना आमच्या वाचकांनीं क्षणभर थांबून आंतील त्या पिंपळाची आठवण करावी. पंचवीस वर्षांचा एक तरुण तेथें आपल्या मुलुखासाठीं मेला, आणि ज्यांनीं त्याला काळोख्या रात्रीं भाकर दिली तीं अनाम माणसें त्याच मातींत मिसळून गेलीं. त्या दोघांसही आमचें वंदन असो.